कॉलनीच्या फूटपाथवर मुलांच्या स्कूटर: गेट, गटाराच्या लाद्या आणि उतार यांचं काय करावं?

पर्वरीची_आई

नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला, सुकूर पंचायतीच्या हद्दीतली जुनी बंगल्यांची कॉलनी आहे. रस्त्याच्या एका बाजूने बंद गटार, त्यावर सिमेंटच्या लाद्या, आणि तोच फूटपाथ. रुंदी साधारण दीड मीटर. प्रत्येक बंगल्याचं गेट हा फूटपाथ ओलांडून रस्त्याला लागतं. शेवटच्या टप्प्यात उतार आहे आणि तो थेट मोठ्या रस्त्याला मिळतो.

मुलं ४ ते ११ वयाची. सगळ्यांकडे पायाने ढकलायच्या स्कूटर, बॅटरीची एकही नाही. संध्याकाळी सगळी एकदम उतरतात, मे महिन्याच्या सुटीत तर सकाळीसुद्धा. काही शेजाऱ्यांचं म्हणणं आहे की फूटपाथवर स्कूटर पूर्ण बंद करावी. मुलांनी घरात बसू नये असं मनापासून वाटतं, पण शेजाऱ्यांची भीतीही खोटी नाही. कॉलनीच्या बैठकीत मांडता येईल असं नेमकं काय करावं? जागेत काय दुरुस्ती, कुठल्या वयाला कुठली स्कूटर, मुलांना काय शिकवायचं, आणि पावसाळ्यात काय?

चिरेबंदी

ताई, बंदी घालण्याआधी एक टेप, एक पाणसळ आणि दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी घेऊन फूटपाथ पायी मोजा. मुलं कुठे पडतात हे बहुतेक वेळा जागाच ठरवते.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे गेट. आपल्याकडे कुंपणाच्या भिंती चिऱ्याच्या, भरीव. पाच वर्षांचं मूल साधारण १०५ ते ११० सेंमी उंच असतं. भिंत सव्वा मीटरची असली तरी ते तिच्यामागे पूर्ण झाकलं जातं. गाडी मागे घेत बाहेर काढणाऱ्याला मूल दिसतं तेव्हा गाडीचा मागचा भाग फूटपाथवर आलेला असतो. आणि मूल काही चालत येत नाही. स्कूटरवरचं लहान मूल सपाटीवर सहज ताशी ८ किमीने जातं, म्हणजे सेकंदाला २.२ मीटर. गाडी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, त्यानंतर थांबायला आणखी सव्वा ते दीड मीटर. एकूण पावणेचार मीटरच्या आसपास. गेटच्या खांबाला टेकून मारलेली रेघ म्हणूनच निरुपयोगी ठरते.

प्रत्येक गेटच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा आखा. पहिली गेटच्या खांबापासून ४ मीटरवर, तुटक, म्हणजे ‘ढकलणं बंद’. दुसरी १ मीटरवर, जाड, ३० सेंमी रुंद पिवळी, म्हणजे ‘पाय खाली’. दुसऱ्या रेघेवर स्कूटर थांबवायची, वाकून आत बघायचं, मग गेटसमोरून चालत पलीकडे जायचं. दोन गेटं ८ मीटरपेक्षा जवळ असतील तर मधे पुन्हा वेग घेऊच द्यायचा नाही, तेवढा भाग चालतच.

रंगाबद्दल नीट ऐका. घरातला उरलेला ऑइल पेंट वापरू नका, पाण्याच्या चार थेंबांत तो काचेसारखा गुळगुळीत होतो आणि थांबायच्या रेघेवरच मूल घसरतं. रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग आणा, आणि तो ओला असतानाच वरून चाळलेली बारीक वाळू भुरभुरा. काम पावसाळा संपून सिमेंट पूर्ण वाळल्यावर करायचं. ओलसर लादीवर मारलेला रंग महिन्याभरात पापुद्रे धरतो.

मोठ्यांसाठी नियम एकच, पण तो सगळ्यांकडून पाळून घ्या: गाडी आवारात घेताना उलटी घ्यायची आणि बाहेर काढताना सरळ काढायची. ज्यांच्या आवारात ते शक्य नाही त्यांनी गाडी सुरू करण्याआधी उतरून मागे एक फेरी मारायची. गेटसमोर बहिर्वक्र आरसा लावता येतो, ४५ ते ६० सेंमीचा पुरतो, पण तो चालकासाठी. त्यात गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून मुलांना आरशावर विसंबायला शिकवू नका.

रुंदीचंही बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक नियमावलीत (२०१२ ची आवृत्ती) चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. तुमची दीड मीटर. पिशवी घेतलेला माणूस पाऊण मीटर व्यापतो आणि पाय मारणारं मूल ६० ते ७० सेंमी. म्हणजे समोरासमोर दोघे जेमतेम मावतात. एवढ्या रुंदीत ओव्हरटेक नाही, शर्यत नाही, सगळ्या स्कूटर एकाच दिशेने, आणि चालणारा माणूस दिसला की मुलाने उतरून भिंतीच्या कडेला उभं राहायचं. ज्येष्ठांना ही वाट हक्काने मिळायला हवी.

त्या दीड मीटरवर कोणी दुचाकी लावत असेल तर सगळंच फुकट. मोटार वाहन चालन नियम २०१७ नुसार फूटपाथवर वाहन उभं करता येत नाही. मुलं दुचाकीला वळसा घालायला रस्त्यावर उतरतात, आणि रस्त्याकडे पाठ असते त्याच क्षणी.

मेस्त_म्हापसा

चिरेबंदींनी जागेचं सांगितलं, मी स्कूटरचं सांगतो.

चाक लहान असेल तर लाद्यांचा सांधा त्याला भिंतीसारखा लागतो. १० मिमीची पायरी घ्या. १०० मिमी व्यासाचं चाक तिच्यावर चढवायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या पाऊण पट आडवा जोर लागतो. २०० मिमीच्या चाकाला तोच जोर त्या वजनाच्या निम्म्याहून थोडा कमी. तो जोर मिळाला नाही की चाक थांबतं आणि मूल हँडलवरून पुढे जातं. नेहमीच्या दोन चाकी स्कूटरचं चाक साधारण २४ मिमी रुंद असतं. त्याहून रुंद फट लांबीच्या दिशेने असेल तर चाक आतच उतरतं.

तुमच्यासारख्या लाद्यांच्या फूटपाथला पाचेक वर्षांपर्यंत पुढे दोन चाकं असलेली, झुकून वळणारी तीन चाकी स्कूटर ठीक. ती उभी राहायला सोपी असते, पण वेगात एकदम वळवली की कुशीवर कलंडते. सहा ते आठला दोन चाकी, चाक १२० ते १४५ मिमी. त्यापुढे, मुलाची उंची आणि जोर असेल तर २०० मिमी. मोठ्या चाकाची स्कूटर जड असते आणि तिचा पाट (पाय ठेवायची फळी) जमिनीपासून उंच असतो, त्यामुळे लहान मुलाला प्रत्येक ढकलीला गुडघा जास्त वाकवावा लागतो, ते दमतं आणि तोल सुटतो. पुढे उपयोगी पडेल म्हणून मोठी घेऊन ठेवू नका.

लेबलवर वजनाची मर्यादा बघा. खेळणी वर्गातल्या स्कूटरवर २० किंवा ५० किलो लिहिलेलं असतं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेली घेऊ नका. स्वस्त मालात दांडा आणि पाट यांचा घडीचा जोड सर्वांत आधी मरतो.

हँडलची उंची कमरेच्या हाडापासून बेंबीपर्यंत कुठेतरी. छातीपर्यंत चढवलं तर मूल अंग मागे टाकतं आणि पुढचं चाक हलकं होतं.

खेळायला जाण्याआधी मिनिटभर तपासणी. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळा. फिरलं तर दांडा पकडणाऱ्या क्लॅम्पचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळा, बहुतेक ठिकाणी ५ मिमीची अॅलन की लागते. एकच बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर क्लॅम्प तिरका बसतो. मग घडीची कडी लावून पाटावर हाताने दाब द्या. खट आवाज आला तर कडी पूर्ण बसलेली नाही. शेवटी मागचा ब्रेक पायाने दाबून चाक अडतं का ते बघा. घसरत थांबायची सवय असलेल्या मुलांच्या मागच्या चाकाला एका जागी सपाटी येते, ते चाक बदला.

बेअरिंगबद्दल आपल्या हवेत सांगायलाच हवं. बहुतेक स्कूटरना ६०८ नंबरचं बेअरिंग असतं: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. त्यात झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबराचं. समुद्राच्या वाऱ्याला आणि मिरामार, करंजाळे इथल्या वाळूला २आरएस घ्या. चाकात दोन बेअरिंगं आणि मधे एक छोटी नळी असते. ती नळी परत घालायला लोक विसरतात, मग आस आवळली की बेअरिंग कडेने दाबलं जातं आणि चाक जाम होतं. पाण्याच्या पाइपाने धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. ब्रेकच्या पत्र्याला आणि चाकाच्या बाहेरच्या कडेला तेल लागता कामा नये.

पीटी_मास्तर

मुलांना शिकवायचं ते आधी मैदानावर, फूटपाथवर नंतर. पहिली गोष्ट थांबणं, पळवणं दुसरी. मुलं उलट क्रमाने शिकतात म्हणून गडबड होते.

जमिनीवर खडूने रेघ मारा. पहिल्या दिवशी चालण्याच्या वेगाने येऊन दोन्ही पाय खाली टाकून रेघेआधी थांबणं. ते दहापैकी दहा वेळा जमलं की मागचा ब्रेक. ब्रेकवर टाच टाकताना गुडघे किंचित वाकलेले, वजन मागे, आणि दाब हळूहळू. एकदम उभं राहून दणका दिला की चाक अडकून स्कूटर फिरते. तिसरं म्हणजे पाय बदलून ढकलणं. एकाच पायाने ढकलणारं मूल दमल्यावर तिरकं जायला लागतं, आणि फूटपाथवर तिरकं म्हणजे रस्त्यात. चौथं, मान वळवून मागे बघत सरळ जाणं. मागे बघताना हँडल त्याच बाजूला वळतं हे मुलाला स्वतः अनुभवू द्या. हे चारही जमल्याशिवाय गेटांच्या ओळीत पाठवू नका.

आठ वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच, तेही हाताच्या अंतरावर. पाठीमागे बाकड्यावर मोबाईल घेऊन बसलेलं चालणार नाही. या वयात येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ मुलाला घालता येत नाही. ‘गाडी लांब आहे’ एवढंच त्याला दिसतं.

हेल्मेट सायकल-स्केटिंगचं, ईएन १०७८ (युरोपीय मानक) छापलेलं. मोटारसायकलचं आयएस ४१५१ चं हेल्मेट लहान मुलाच्या मानेला जड होतं आणि आमच्या उकाड्यात ते दहा मिनिटांत काढून फेकतं. भुवईच्या एक बोट वरून डोक्याचा घेर टेपने मोजा आणि त्यावर माप घ्या. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्या कानाखाली व्ही आकारात मिळायला हव्यात, हनुवटीखाली एकच बोट जाईल इतकं घट्ट. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद. आतला फोम एकदाच दबतो. आणि बागेत घसरगुंडीवर, जाळीवर किंवा झाडावर चढताना हेल्मेट काढायला लावा. त्याची पट्टी अडकून गळा आवळला जाऊ शकतो, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही.

गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड द्या. मनगटाचे कडक गार्ड स्केटिंगला चांगले, पण स्कूटरला त्याने हँडलची पकड सैल होते. पायात बंद बूट. चप्पल ब्रेकवर वळते.

नर्सबाई_डिचोली

पीटी सरांनी बरंच सांगितलं. मी वेळेचं सांगते. संध्याकाळी ५ ते ७ असा सरसकट वेळ ठेवू नका. नोव्हेंबर अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. नियम ‘सूर्यास्ताआधी अर्धा तास घरात’ असा ठेवा. दिवेलागणीच्या वेळीच माणसं कामावरून परततात आणि गाड्या गेटात वळतात.

पडल्यावर मुलं हात पुढे टाकतात, म्हणून मनगटाजवळचं हाड मोडणं जास्त. मनगट सुजलं, वाकडं दिसलं किंवा मूल बोटं हलवायला तयार नसलं तर चोळू नका, ओढून सरळ करू नका. जाड वर्तमानपत्राची सुरळी किंवा लाकडी पट्टी खाली देऊन कापडाने सैल बांधा आणि इस्पितळात न्या. तोपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, हाड बसवायला भूल द्यावी लागू शकते. डोक्याला मार लागून मूल एकापेक्षा जास्त वेळा ओकलं, गुंगीत गेलं, विचित्र बोलू लागलं, झटका आला किंवा कानानाकातून पाणी-रक्त आलं तर १०८ ला फोन करा. पर्वरीहून गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठायला पूल ओलांडावा लागतो, म्हणून आधी घरी आराम करून बघू असं नको.

लाल मातीत खरचटलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, खडीचे कण राहू देऊ नका. धनुर्वातासाठी ५ ते ६ वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि १० वर्षांचं टीडी झालं आहे ना ते लसीच्या कार्डावर बघून ठेवा.

कुत्री फिरत्या चाकामागे धावतात. मुलांना शिकवा: पळायचं नाही, उतरायचं, स्कूटर स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची, हात अंगाशी आणि डोळे खाली. चावलंच तर साबण आणि वाहतं पाणी पूर्ण १५ मिनिटं, आणि त्याच दिवशी लस. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, त्यावर जाऊन लस टाळू नका.

पर्वरीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. आज मोजून घेतलं. लाद्यांमधल्या फटी २० ते ४० मिमी, दोन ठिकाणी एक लादी दुसरीपेक्षा १५ मिमी वर. एक लोखंडी जाळी आहे, तिच्या सळ्या चालण्याच्या दिशेने. शेवटच्या उताराला पट्टी ठेवून पाणसळ बघितली, २ मीटरला १५ सेंमी. उताराची लांबी साधारण १२ मीटर. फटी सिमेंटने भरून टाकू का? आणि शेवाळाचं काय? ऑक्टोबरपर्यंत भिंतीकडेच्या लाद्या हिरव्याच असतात.

चिरेबंदी

मोजमाप उत्तम घेतलंत. आधी उतार. २ मीटरला १५ म्हणजे साधारण १:१३. बारा मीटरमध्ये साधारण ९० सेंमी उतरण झाली. घर्षण धरलं नाही तर वर स्थिर असलेलं मूल खाली ताशी १५ किमीने पोचतं, आणि वरून ढकलून आलं तर त्याहून जास्त. पायाचा ब्रेक त्याला पुरणार नाही आणि खाली मोठा रस्ता आहे. तिथे दुरुस्ती सुचवत नाही. उतार सुरू होण्याच्या ३ ते ४ मीटर आधी जाड रेघ मारा आणि मुलांची हद्द तिथेच संपवा. खाली जायचं असेल तर स्कूटर हातात. हा नियम अकरा वर्षांच्यालाही.

फटी सिमेंटने भरू नका. मे महिन्यात गटारसफाईला त्याच लाद्या उचलाव्या लागतात, तेव्हा भरलेलं सिमेंट फुटतं आणि धारदार कडा राहतात. २० मिमीच्या आतल्या आडव्या फटी राहू द्या. त्याहून मोठ्या फटीवर ६ मिमी जाडीची, १५ सेंमी रुंद, गॅल्व्हनाइज केलेली चेकर्ड प्लेट घाला, कडा ग्राइंडरने तिरप्या करून, आणि स्क्रू एकाच लादीत. दोन्हीकडे स्क्रू मारले तर लाद्या हलल्या की प्लेट वाकते. साधा लोखंडी पत्रा आपल्या पावसात टिकणार नाही.

वर आलेली लादी तासू नका. बुटकी लादी उचलून तिच्या टेकूवर १:३ चं सिमेंट-वाळू मिश्रण घालून पातळी मिळवा, फरक ६ मिमीच्या आत आला पाहिजे. मिश्रण घट्ट होईपर्यंत, किमान तीन दिवस, तिथून जाऊ देऊ नका. जाळी फिरवून सळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवा, मधली फट १२ मिमीपेक्षा जास्त नको.

हे सगळं स्वतः करू नका. गटार सार्वजनिक आहे. रस्ता पंचायतीचा असेल तर सरपंच आणि सचिवांना लेखी अर्ज, साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) असेल तर त्यांच्या साहाय्यक अभियंत्याला. अर्जाला तुमची ही मोजमापं, प्रत्येक जागेचा टेपसकट फोटो आणि जवळच्या घराचा क्रमांक जोडा. ‘फूटपाथ खराब आहे’ एवढ्या ओळीवर काम निघत नाही. नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरतात. ऑक्टोबरच्या सभेत विषय मांडलात तर कोरड्या दिवसांत काम होऊ शकतं. एप्रिलला मांडलात तर मधे पावसाळा येतो.

शेवाळ: लीटरभर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, प्लॅस्टिकच्या बादलीत. कोरडा दिवस बघून शिंपडा, २० मिनिटं ठेवा, कडक ब्रशने किंवा खराट्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला. आम्लाचं टॉयलेट क्लीनर त्यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. जवळ विहीर असेल तर ब्लीचिंग न घालता नुसतं घासा.

मेस्त_म्हापसा

शेवाळ काढलं तरी पावसात स्कूटर नकोच. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) चाक ओल्या सिमेंटवर धरत नाही आणि पायाचा ब्रेक ओला झाला की नुसता घसरतो. चाकाच्या कडेला ८२ए, ८८ए असा आकडा असतो, ८२ए मऊ आणि पकड थोडी बरी, पण तो फरक कोरड्या जमिनीपुरता. जून ते सप्टेंबर देवळाच्या किंवा शाळेच्या छताखालची सपाट जागा समितीला विचारून मागा. चवथीच्या दिवसांत तिथे माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची सजावट) आणि पाहुण्यांची गर्दी असते, ते दिवस सोडून द्या. पावसाळ्यात स्कूटर पडवीत उभी टांगून ठेवा. जमिनीवर पडलेल्या स्कूटरच्या खालच्या बेअरिंगात ओल जाते आणि ऑक्टोबरला चाक किरकिरतं.

पर्वरीची_आई

शेवटचं एक. बैठकीत कोणी म्हणालं की मोठ्या मुलांना बॅटरीची स्कूटर घेऊ, ती बिनगियरची असते म्हणून चालते. खरं का?

चिरेबंदी

फूटपाथवर नाही, कुठल्याही वयाला. बसून चालवायची इलेक्ट्रिक दुचाकी मोटार वाहनात मोडत असेल आणि अल्पवयीनाने चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उभं राहून चालवायच्या बॅटरीच्या छोट्या स्कूटरचा वेग आणि वजन दोन्ही पायाच्या स्कूटरपेक्षा जास्त, म्हणजे माझ्या वर सांगितलेल्या ४ मीटरच्या रेघेला काही अर्थ उरत नाही. बैठकीच्या ठरावात ‘फक्त पायाने ढकलायची स्कूटर’ असे शब्द स्पष्ट लिहा.